संघ कुणाचा? मालकाचा की माणसांचा?



आपल्या सारोळ्यावरून जो हायवे जातो, त्याने नीरेचा पूल ओलांडून दक्षिणेला निघालं की सातारा, कराड आणि मग कोल्हापूर लागतं. उलट्या बाजूला, कात्रजचा नवा बोगदा ओलांडून पुढं गेलं की बालेवाडीचं क्रीडासंकुल हायवेच्या कडेलाच दिसतं. आजच्या आपल्या गप्पा या एकाच रस्त्यावरच्या दोन गावांबद्दल आहेत. मधे थोडा वेळ जपानलाही जाऊन यायचं आहे. विषय आहे फुटबॉलचे क्लब.

आता तुम्ही म्हणाल, शेतातली खुरपणी, दुधाचा रतीब, पोरांचा डबा यातून फुटबॉल कुठं काढला? पण आम्ही हा विषय खेळासाठी कमी आणि कारभारासाठी जास्त निवडला आहे. अकरा जणांचा संघ असो की दहा-बारा जणींचा बचत गट असो, प्रश्न तेच असतात. पैसा कुठून येतो? निर्णय कोण घेतं? आणि मुख्य माणूस उठून गेला तर मागं काय उरतं? या प्रश्नांची उत्तरं कोल्हापूरने एक दिली, पुण्याने दुसरी दिली आणि जपानने तिसरी.

आधी दोन शब्द समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एक लीग आणि दुसरा कप.

लीग म्हणजे साखळी सामने. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळतो. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १ गुण, हरलं तर काही नाही. शेवटी सगळ्यांचे गुण मोजायचे आणि ज्याचे जास्त तो विजेता. इथं एका दिवसाची हुशारी कामाला येत नाही, महिनोन्‌महिने टिकावं लागतं. आपल्या गटाची मासिक बचत असते ना, तसंच. एक महिना शंभराच्या जागी हजार भरले आणि मग सहा महिने फिरकलंच नाही, तर त्या हजाराला काय अर्थ?

कप म्हणजे चषक, त्याचे सामने बाद पद्धतीचे. हरला तो घरी गेला. जत्रेतल्या कुस्तीसारखं समजा, पाठ लागली की संपलं. यात लहान संघसुद्धा एखाद्या दिवशी मोठ्याला लोळवतो, म्हणून बघायला गर्दी कपालाच जास्त होते.

लीगमध्ये आणखी एक गोष्ट असते. वरचा वर्ग आणि खालचा वर्ग. वरच्या वर्गात जे तळाला राहतात ते खाली उतरतात आणि खालच्या वर्गात जे वर येतात ते चढतात. म्हणजे कुणाची जागा कायमची नाही, आणि कुणाला दार कायमचं बंदही नाही.

आता कोल्हापूरला जाऊ.

कोल्हापूर म्हटलं की आपल्याला अंबाबाई, चपला, गूळ आणि कुस्ती आठवते. पण त्याच शहरात फुटबॉलचं वेड संस्थानाच्या काळापासून आहे. तिथल्या पेठापेठांत कुस्तीच्या तालमी होत्या. शाहू महाराजांनी कुस्तीला मोठा आश्रय दिला, तालमी वाढल्या. पुढं याच तालमींच्या पोरांनी फुटबॉलचे संघ काढले. म्हणून तिथल्या संघांची नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या नावांत एकाही कंपनीचं नाव नाही. आहेत ती पेठेची, देवाची आणि तालमीची नावं.

या सगळ्यांचे सामने कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे के.एस.ए. ही संघटना भरवते. छत्रपती घराण्याचा तिला आधार आहे. सामने होतात शाहू स्टेडियमवर. थंडी सुरू झाली की हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो. आधी लीग, आणि मग एकामागून एक चषक, महापौर चषक, अटल चषक असे. पाटाकडील आणि दिलबहार किंवा पाटाकडील आणि शिवाजी असा सामना असला की दुपारपासून स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तिकीट काढून लोक येतात. आपल्या राज्यात गावच्या संघांचा फुटबॉल बघायला एवढी माणसं दुसरीकडं क्वचितच जमतील.

हा खर्च चालतो कसा? पेठेतले दुकानदार, जुने खेळाडू, तालमीचे सभासद, गणपती मंडळाची तीच माणसं, नेतेमंडळी, असे सगळे मिळून हातभार लावतात. एकाने हात आखडता घेतला तर दुसरा पुढं येतो. खेळाडूही बहुतेक तिथलेच. कुणी नोकरी करून खेळतो, कुणी शिकता शिकता. संध्याकाळी मैदानावर धाकटे पोर मोठ्यांचे बूट सांभाळत उभे असतात, आणि पाच-सात वर्षांनी तेच पोर त्या संघाची जर्सी घालतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली आपल्या देशात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. असा मुलगा एकदम आभाळातून पडत नाही. त्याच्या मागं सगळ्या शहराचा सराव असतो.

कोल्हापूरचं सगळंच गोड आहे असं मात्र नाही. पेठांची ईर्षा कधी कधी मैदानाबाहेर येते. हुल्लडबाजी होते, दगड उडतात, सामने थांबवावे लागतात, पोलिसांना मधे पडावं लागतं. जिंकण्याच्या हट्टापायी बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणण्यापर्यंत मजल गेली आणि संघांचा खर्च वाढला. आणि पूर्वी तालीम म्हणजे फक्त पुरुषांची जागा. बायका बाहेरून दर्शन घेणार. मुली खेळायला लागल्या त्या बऱ्याच उशिरा. त्याबद्दल पुढं बोलूच.

पण एक गोष्ट पक्की. कोल्हापुरात नेते बदलले, देणगीदार बदलले, खेळाडूंच्या तीन-चार पिढ्या गेल्या, तरी तालमीचे संघ आहेत. कारण ते विकायला कुणा एकाचे नाहीतच.

आता हायवेने परत वर या. सारोळे मागं टाका आणि पुण्यात बालेवाडीला पोचा.

पुण्यात २००७ साली पुणे एफसी नावाचा क्लब सुरू झाला. मोठ्या उद्योगसमूहाचा पैसा, चांगले प्रशिक्षक, मुलांसाठी अकादमी. देशातल्या आय-लीग या स्पर्धेत हा क्लब २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला. पुण्याच्या फुटबॉलमध्ये असं कधी झालं नव्हतं. २०१५ साली मालकांनी ठरवलं, आता बास. क्लब बंद झाला.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी नावाचा दुसरा क्लब आला. त्यात हृतिक रोशनची भागीदारी होती, त्यामुळे पोरींनीसुद्धा टीव्ही लावले. सामने बालेवाडीलाच. नारंगी जर्सी घालून पोरं यायची. २०१९ साली तोही गुंडाळला गेला. त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला मिळाली. तिसरा डीएसके शिवाजीयन्स. शिवाजीयन्स हा पुण्यातला जुना, १९८७ सालचा संघ. बांधकाम उद्योगाचं पाठबळ मिळाल्यावर तो आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि २०१७ नंतर तिथं दिसला नाही.

म्हणजे बघा, पाच वर्षांच्या आत पुण्याचे तीनही मोठे क्लब वरच्या फळीतून गेले. यातला एकही केवळ मैदानावर हरला म्हणून संपला नाही. आणि क्लब गेला की नुसते अकरा खेळाडू घरी जात नाहीत. मैदान सांभाळणारा, कपडे धुणारी, मेसमध्ये स्वयंपाक करणारी, बस चालवणारा, अकादमीत आलेली खेड्यातली पोरं, सगळ्यांचं वेळापत्रक एका दिवसात कोरं होतं.

गोव्याचंही थोडं सांगतो. तिथं धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स हे क्लब म्हणजे घराण्यांची नावं. धेंपोने तर देशाची लीग पाच वेळा जिंकली. तरी २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी, देशाच्या फुटबॉलची नवी रचना आपल्याला डावलणारी आहे असं म्हणून, आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो पुढं खालच्या वर्गातून चढत पुन्हा आय-लीगमध्ये आला. म्हणजे मालक चांगला असला, हौशी असला, तरी वरचे नियम बदलले की त्यालाही हादरा बसतो.

मग दुसरीकडं काय करतात? आता जपान.

जपानमध्येही आधी सगळे संघ कंपन्यांचेच होते. आपल्याला ही नावं ओळखीची आहेत: यामाहा, निसान, मित्सुबिशी, मात्सुशिता म्हणजे ज्यांची नॅशनल आणि पॅनासोनिक ही नावं. कामगार दिवसा कंपनीत काम करायचे आणि कंपनीच्या संघातून खेळायचे. बघायला माणसं फार येत नसत. कंपनीच्या संघासाठी बाहेरच्या माणसाने टाळ्या का वाजवाव्यात?

१९९३ साली त्यांनी जे-लीग नावाची व्यावसायिक लीग सुरू केली, १० क्लबांची. त्याआधीच्या वर्षी, १९९२ मध्ये, लीगचा कप खेळून बघितला होता. या लीगचे पहिले प्रमुख साबुरो कावाबुची यांनी एका अटीवर जोर दिला. क्लबाच्या नावात गाव असलं पाहिजे, कंपनी नाही. पैसे कंपनीने द्यावेत, जर्सीवर जाहिरात करावी, पण नाव गावाचं. मोठ्या कंपन्या कुरकुरल्या. आमचा पैसा आणि नाव दुसऱ्याचं? पण अट टिकली. मित्सुबिशीचा संघ उरावा या शहराचा झाला, निसानचा योकोहामाचा, यामाहाचा इवाताचा, मात्सुशिताचा ओसाकाचा.

त्यासोबत आणखी अटी आल्या. प्रत्येक क्लबाने लहान मुलांचे संघ चालवलेच पाहिजेत. गावाच्या नगरपालिकेशी, शाळांशी संबंध ठेवला पाहिजे. क्लबांचे जमाखर्च लीग दरवर्षी जाहीर करते. पुढं परवान्याचा नियम आला. लागोपाठ तीन वर्षं तोटा दाखवला तर खेळायचा परवानाच धोक्यात. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? गटाचं दप्तर दर महिन्याला लिहायचं, बैठकीत वाचून दाखवायचं, बँकेची माणसं आली की पुढं ठेवायचं, हेच ते. फरक इतकाच की तिथं आकडे मोठे.

१० क्लबांनी सुरू झालेली ती लीग २०२४ सालापासून तीन वर्गांची आहे, प्रत्येक वर्गात २० असे एकूण ६० क्लब. आणि त्यांचा सगळ्यात जुना कप आहे सम्राट चषक, १९२१ पासूनचा. त्यात ४७ प्रांतांतून जिंकून आलेले हौशी संघ, कॉलेजचे संघसुद्धा मोठ्या व्यावसायिक क्लबांसमोर उभे राहतात. शंभर वर्षांपूर्वीची स्पर्धा आणि लहानाला दार अजून उघडं.

पण जपानमध्येही मालक उठून जातात. त्याचीच एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटली.

योकोहामा शहरात दोन क्लब होते, मारिनोस आणि फ्लुगेल्स. फ्लुगेल्सला पैसा दोन कंपन्यांचा, एक विमान कंपनी आणि एक बांधकाम कंपनी. १९९८ साली बांधकाम कंपनी अडचणीत आली, तिने हात काढला. विमान कंपनीने मारिनोसच्या मालकांशी बोलून ठरवलं की फ्लुगेल्स मारिनोसमध्ये मिसळून टाकायचा. खेळाडू आणि प्रेक्षक यांना हे कळलं ते सगळं ठरल्यावर. लोकांनी सह्या गोळा केल्या, रस्त्यावर उभे राहिले. निर्णय बदलला नाही.

त्या वेळी सम्राट चषक सुरू व्हायचा होता. बाद पद्धतीची स्पर्धा. म्हणजे ज्या दिवशी फ्लुगेल्स हरेल, तो त्या क्लबाचा शेवटचा दिवस. आणि जिंकत राहिले तरी शेवटी क्लब संपणारच. अशा वेळी कुणाचे पाय चालतील? पण ते खेळाडू जिंकत गेले. एक फेरी, दुसरी फेरी, उपांत्य फेरी. १ जानेवारी १९९९ ला अंतिम सामना झाला, शिमिझूच्या संघाशी. फ्लुगेल्स २-१ ने जिंकला. हातात चषक आणि उद्यापासून क्लब नाही.

पुढं काय झालं ते नीट ऐका. मारिनोसने आपल्या नावात आठवण म्हणून एक ‘एफ’ अक्षर घेतलं. पण फ्लुगेल्सच्या बऱ्याच प्रेक्षकांना ते पटलं नाही. ते म्हणाले, आम्ही दुसऱ्याच्या घरात पाहुणे म्हणून राहणार नाही. त्यांनी वर्गणी काढली, सभासद केले, आणि स्वतःचा नवा क्लब काढला, योकोहामा एफसी. १९९९ साली तो तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खेळायला लागला. ती लीग सलग दोन वर्षं जिंकली. २००१ साली दुसऱ्या वर्गात गेला आणि २००७ साली देशाच्या पहिल्या वर्गात.

ही गोष्ट इथंच थांबवली तर ती पुराणातली वाटेल. खरं हे की वरच्या वर्गात टिकायचं तर पैसा लागतो, आणि पुढं त्या क्लबालाही कंपनीचा आधार घ्यावा लागला. सभासदांचा शब्द पहिल्यासारखा राहिला नाही. बाहेरचा पैसा घेणं वाईट नाही. आपणही बँकेचं कर्ज घेतो, फिरता निधी घेतो. पण पैसा आला म्हणून बैठकीतला आवाज गेला, असं होऊ द्यायचं की नाही, हे आधी ठरवावं लागतं. पैसा येऊन गेल्यावर ते ठरवता येत नाही.

आता बायकांच्या फुटबॉलकडं येऊ.

२०२२ च्या जानेवारीत बायकांचा आशिया चषक आपल्या महाराष्ट्रात झाला. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे. जपानच्या बायकांचा संघ याच बालेवाडीत खेळला, आपल्या हायवेच्या कडेला. २१ जानेवारीला त्यांनी म्यानमारला ५-० ने हरवलं, २४ ला व्हिएतनामला ३-० ने, २७ ला दक्षिण कोरियाशी १-१ बरोबरी केली. ३ फेब्रुवारीला उपांत्य सामनाही बालेवाडीतच झाला. चीनशी २-२ बरोबरी आणि मग पेनल्टीवर जपान हरला. आधीचे सलग दोन आशिया चषक जिंकलेला संघ पुण्यात हरला, आणि आपल्यातल्या किती जणींना ते ठाऊक होतं? आपल्या भारताच्या मुलींचं तर आणखी वाईट झालं. इराणशी ०-० असा एकच सामना झाला आणि मग संघातल्या इतक्या जणींना करोना झाला की पुढचा सामना खेळायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. स्वतःच्या देशातल्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं.

जपानच्या या बायकांचा संघ नादेशिको या नावाने ओळखला जातो. नादेशिको हे एका नाजूक गुलाबी फुलाचं नाव. २०११ सालच्या मार्चमध्ये जपानमध्ये मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाचं अणुवीज केंद्र फुटलं. त्या वीज कंपनीचा बायकांचा एक फुटबॉल संघ होता. तो बंद पडला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, जर्मनीत विश्वचषक झाला. यजमान जर्मनीला उपांत्यपूर्व सामन्यात ज्या करिना मारुयामाच्या गोलाने हरवलं, ती एके काळी त्याच वीज कंपनीत नोकरी करून त्याच संघातून खेळलेली. अंतिम सामन्यात अमेरिकेशी २-२ बरोबरी झाली आणि पेनल्टीवर जपान जिंकला. दुकानात, कारखान्यात काम करून संध्याकाळी सराव करणाऱ्या बायका त्या संघात होत्या. बंद पडलेल्या वीज कंपनीच्या संघातल्या खेळाडूंना पुढच्या वर्षी सेंदाई शहराच्या क्लबाने आपल्याकडं घेतलं. सेंदाई म्हणजे त्सुनामीचा तडाखा बसलेलंच शहर.

तरी विश्वचषक जिंकूनही तिथल्या बायकांना स्वतःची व्यावसायिक लीग मिळायला दहा वर्षं लागली. २०२१ मध्ये ती सुरू झाली, ११ क्लबांची. नाव ‘वी लीग’, म्हणजे स्त्रियांच्या सक्षमीकरणाची लीग. त्यांच्या अटी बघा. प्रत्येक क्लबात किमान १५ खेळाडू पूर्णवेळ, व्यावसायिक करारावर हव्यात. क्लबाच्या कामकाजात निम्म्या बायका असाव्यात, आणि निर्णय घेणाऱ्यांत बाई असलीच पाहिजे. नुसतं मैदानात पळायला बाई नको, टेबलाभोवती बसायलाही हवी. ग्रामपंचायतीत आपल्याला आरक्षण मिळालं तेव्हा हेच म्हणणं होतं.

आपल्याकडं बायकांची राष्ट्रीय लीग २०१७ सालच्या जानेवारीत सुरू झाली. पहिल्या वर्षी सहा संघ होते. त्यात एफसी पुणे सिटीचा बायकांचा संघ होता. पुढं पुण्याचा क्लबच उरला नाही. २०१८-१९ मध्ये आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापूर सिटी नावाचा संघ खेळला. म्हणजे ज्या शहरात तालमीच्या उंबऱ्याआत बायका जात नव्हत्या, तिथल्या नावाने मुली देशाच्या लीगमध्ये उतरल्या. पण २०२३-२४ मध्ये या लीगचे संघ एकमेकांच्या गावी जाऊन खेळायला लागले, तेव्हा सात संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. जिथं आशिया चषक झाला त्या राज्याची ही गत.

पहिल्या वर्षीच्या त्या सहा संघांत आणखी एक नाव होतं: अलखपुरा. हे शहर नाही. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं एक खेडं आहे. तिथल्या सरकारी शाळेत खेळाच्या शिक्षकांनी मुलींच्या हाती एक फुटबॉल दिला. एक-दोघींपासून सुरुवात झाली आणि घराघरांतून मुली मैदानावर यायला लागल्या. त्या शाळेने मुलींचा सुब्रतो कप जिंकला, तो शाळांचा देशातला मोठा फुटबॉल कप. आणि मग गावाच्या नावाचा संघ थेट राष्ट्रीय लीगमध्ये. ज्या भागात मुलींचा जन्मही नकोसा मानला जायचा, तिथली ही गोष्ट. त्यांच्याकडं हृतिक रोशन नव्हता. मैदान होतं, चिकाटीचा शिक्षक होता आणि मुलींना संध्याकाळी दोन तास सोडणाऱ्या आया होत्या.

मैत्रिणींनो, आमच्या मते सगळं या दोन तासांवर येऊन थांबतं. आपल्या मुली शाळेत कबड्डी, खो-खो चांगल्या खेळतात. सातवी-आठवीपर्यंत. मग पाळी येते, मग ‘आता मोठी झालीस’ सुरू होतं. मुलगा मैदानावर जातो तेव्हा आपण विचारतो, कधी येशील? मुलगी निघाली की विचारतो, कशाला जातेस? भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला, पाणी भरायला तीच लागते. मग पुढं कितीही लीग निघाल्या तरी त्यात आपल्या भोर-वेल्ह्याची पोरगी कुठून येणार?

खेळून पोट भरतं का, असं घरातली माणसं विचारतील. विचारू देत, त्यांचा प्रश्न बरोबर आहे. सगळ्या मुली राष्ट्रीय खेळाडू होणार नाहीत. पण आपल्या राज्यात गुणवंत खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना वाढीव गुण मिळतात. सुब्रतो कपासकट शालेय स्पर्धांची चौकशी शाळेत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करता येते. आणि यातलं काहीच मिळालं नाही, तरी जी मुलगी दहा जणींत मिळून खेळायला शिकली, हरून दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर गेली, ती उद्या गटाच्या बैठकीत गप्प बसणार नाही.

आता येत्या मासिक बैठकीत दहा मिनिटं काढा आणि या चार प्रश्नांवर बोला.

पहिला, आपल्या गावात मुलींना खेळायला जागा आहे का? शाळेचं मैदान सुटीनंतर उघडं असतं का? ते कुणाच्या ताब्यात असतं? ग्रामसभेत हा विषय मांडायचा तर अर्ज कोण लिहिणार?

दुसरा, मैदानाजवळ मुलींसाठी संडास आणि पाणी आहे का? नसेल तर बाकीचं सगळं बोलणं वाया आहे.

तिसरा, रोज नाही तर आठवड्यातून तीन दिवस, कोणाच्या घरातलं कोणतं काम कोणी वाटून घेतलं म्हणजे मुली मोकळ्या होतील? यात घरातल्या मुलांचं आणि पुरुषांचं नावही यादीत लिहा.

चौथा प्रश्न आपल्या गटाचा. आज आपला गट चालवणारी ताई, दप्तर लिहिणारी ताई किंवा बाहेरून मदत करणारी संस्था उद्या नसेल, तर आपला गट पुण्याच्या क्लबांसारखा एका दिवसात बंद होईल, की कोल्हापूरच्या तालमीसारखा चालू राहील? दप्तर लिहायला आणखी किती जणींना येतं? बँकेत सही करायला किती जणी जाऊ शकतात? एका जणीलाच येत असेल, तर याच महिन्यात दुसरीला शिकवायला लागा.

योकोहामाच्या माणसांकडं पहिल्या दिवशी मैदान नव्हतं, खेळाडू नव्हते, मालक नव्हता. होते ते सभासद. आपल्याकडंही तेच आहेत, आणि दर महिन्याला एकत्र बसायची सवय आहे. तेव्हा सुरुवात करायला आपण त्यांच्यापेक्षा मागं नाही.

तुमच्या बैठकीत काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी त्यातलंच काही आपण सगळ्या जणी मिळून ऐकू.